शूक्यू फुत्सुका म्हणजे नक्की किती?

जपानी चित्रलिपीत 'विश्रांती' लिहायची तर डावीकडे माणूस काढायचा आणि उजवीकडे झाड. झाडाला टेकलेला माणूस. झाली विश्रांती! आणि 'कामात गढलेला' असं लिहायचं असेल तर डावीकडे हृदय आणि उजवीकडे 'नाहीसं होणं'. आता बोला! ही चिन्हं मूळची चिनी, पण ती रोज गिरवणाऱ्या जपानला कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मरणासाठी 'कारोशी' असा खास शब्द करावा लागला, हेही तितकंच खरं.

तर मंडळी, मी गेली दोन वर्षं जपानी शिकतोय. पुण्यात यात काही नवल नाही म्हणा. इथे दर तिसऱ्या घरात एक जण जर्मन शिकत असतो आणि चौथ्या घरात जपानी. आमचा क्लास शनिवारी आणि रविवारी सकाळी. म्हणजे आठवड्याची सुट्टी खर्चून मी जे शब्द शिकलो त्यातला एक 'आठवड्याची सुट्टी' हाच होता, हा विनोद आमच्या सेन्सेईंनी आधीच करून ठेवलाय, त्यामुळे माझ्या नावावर खपवत नाही.

शब्द असा: शूक्यू फुत्सुका-सेई. 'शू' म्हणजे आठवडा, 'क्यू' म्हणजे तोच तो झाडाखालचा माणूस, 'फुत्सुका' म्हणजे दोन दिवस आणि 'सेई' म्हणजे पद्धत. आठवड्याला दोन दिवस सुट्टीची पद्धत. आपला फाईव्ह डे वीक. यात काय शिकायचंय?

सेन्सेईंनी फळ्यावर त्याच्याखाली दुसरी ओळ लिहिली: कान्झेन शूक्यू फुत्सुका-सेई. कान्झेन म्हणजे 'पूर्ण'. आणि विचारलं, "फरक सांगा."

फरक असा आहे. जपानमधल्या नोकरीच्या जाहिरातीत नुसतं 'शूक्यू फुत्सुका' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ महिन्यातल्या किमान एका आठवड्यात दोन दिवस सुट्टी मिळेल, एवढाच. बाकीच्या आठवड्यांत एकच मिळाली तरी जाहिरात खोटी ठरत नाही. दर आठवड्याला दोन हव्यात? मग 'कान्झेन' हा शब्द तिथे छापलेला पाहिजे. वाक्यात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते महत्त्वाचं! आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. अर्धे बग याच जातीचे असतात.

आता असं का झालं? मला वाटायचं ही एचआरवाल्यांची हुशारी. थोडं वाचलं तेव्हा कळलं की या दोन शब्दांत जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

जपानी सरकारी कचेऱ्यांना रविवार पूर्ण आणि शनिवार अर्धा अशी सुट्टी १८७६ साली मिळाली. त्या अर्ध्या शनिवाराला 'हानदोन' म्हणत. 'हान' म्हणजे अर्धा, आणि 'दोन' हे डच लोकांच्या रविवारापासून आलं असं सांगतात. आपल्याकडच्या शनिवारच्या सकाळच्या शाळेची आठवण होते की नाही? मग युद्धाचा काळ आला. जपानी नौदलात एक वाक्प्रचार होता, गेत्सु-गेत्सु-का-सुई-मोकु-किन-किन. म्हणजे सोम-सोम-मंगळ-बुध-गुरु-शुक्र-शुक्र. आठवड्यातून शनिवार-रविवार चक्क पुसून टाकलेले! (ही शिफ्ट मी बघितली आहे. नौदलात नाही, रिलीजच्या महिन्यात.)

युद्धानंतर १९४७ च्या कामगार कायद्याने आठवड्याला किमान एक सुट्टी, किंवा चार आठवड्यांत चार, हे सक्तीचं केलं. दोनची सक्ती नव्हती. ती कल्पना मोठ्या उद्योगांत पहिल्यांदा अमलात आणली कोनोसुके मात्सुशिता यांनी. तीच कंपनी जिला आज आपण पॅनासॉनिक म्हणतो. त्यांनी १९६० साली जाहीर केलं की पाच वर्षांत आपण आठवड्याला पाच दिवसच काम करू, आणि १९६५ च्या एप्रिलमध्ये ते करून दाखवलं. त्यांचं घोषवाक्य होतं 'एक दिवस क्यूयो, एक दिवस क्योयो'. एक दिवस विश्रांतीचा, एक दिवस ज्ञान-संस्कार मिळवण्याचा. यमक काय सुरेख जुळलंय बघा.

पण इतरांना तिथे पोचायला फार वेळ लागला. बँकांचे सगळे शनिवार बंद झाले १९८९ मध्ये, सरकारी कचेऱ्यांचे १९९२ मध्ये. शाळांना १९९२ मध्ये महिन्यातला एक शनिवार मिळाला, १९९५ मध्ये दोन, आणि सगळे मिळाले थेट २००२ मध्ये. या मधल्या काळात एखादी कंपनी महिन्यातून एकदा दोन दिवस सुट्टी द्यायची, दुसरी आठवड्याआड. सगळ्यांनाच 'शूक्यू फुत्सुका' म्हणवून घ्यायचं होतं. मग जे खरोखर दर आठवड्याला देत होते त्यांना वेगळा शब्द नको का? तो हा कान्झेन. आपल्या बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला, तो या हिशेबात बिनकान्झेनचा.

जपान म्हणजे सुट्टीचा स्वर्ग असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिथे सहा महिने नोकरी झाली की कायद्याने १० दिवस भरपगारी रजा मिळते, पण बरीच वर्षं लोक निम्मीसुद्धा घेत नव्हते. शेवटी एप्रिल २०१९ पासून कायदाच आला, की ज्यांना १० किंवा जास्त दिवस रजा आहे त्यांना वर्षात किमान ५ दिवस ती घ्यायला लावणं ही मालकाची जबाबदारी. रजा घ्या म्हणून मालकावर सक्ती! तेव्हा सुट्टीचे इतके बारीक शब्द त्या भाषेत आहेत ते सुट्टी मुबलक म्हणून नव्हेत. ती सहज मिळत नाही, म्हणून आहेत.

हे सगळं मी वहीत उतरवून विसरलो असतो. पण आमच्या क्लासमधल्या एका मित्राला त्याच सुमारास जपानमधून दोन ऑफर आल्या. पठ्ठ्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी. पहिली कंपनी नागोयाजवळची, पगार चांगला जाडजूड, कागदावर 'शूक्यू फुत्सुका-सेई, वर्षाला सुट्ट्या १०५'. दुसरी तोक्योची, पगार बराच कमी, 'कान्झेन शूक्यू फुत्सुका, दो-निची-शुकु, सुट्ट्या १२०'.

आम्ही तिघं-चौघं क्लासनंतर चहा घेत हिशेब करत बसलो. ५२ आठवडे गुणिले दोन, १०४. त्यात जपानच्या १६ राष्ट्रीय सुट्ट्या मिळवल्या की १२०. आणि १०५ कुठून आले? कायद्याप्रमाणे आठवड्याला ४० तास, दिवसाला ८ तास काम धरलं, तर वर्षाला साधारण २६० दिवस भरतात. उरले १०५. म्हणजे कायद्याच्या काठाकाठाने चालणारी कंपनी. दोन्हींत फरक १५ दिवसांचा. पहिल्या कंपनीने राष्ट्रीय सुट्ट्या दिल्या तर तेवढे, म्हणजे १५ शनिवार, कामाला जाणार. मित्राने त्यांना सरळ विचारलं. त्यांनीही काही लपवलं नाही, दुसऱ्या दिवशी वर्षाचं कॅलेंडर पाठवून दिलं. कामाचे शनिवार निळ्या रंगात. मोजले, पंधराच निघाले.

मला वाटलं तो पगाराकडे बघेल. पंधरा दिवस तर आपण इथे एका तिमाहीत घालवतो. पण त्याची बायको म्हणाली, "इथे तुझ्या शनिवारी आई आहे. तिथे तू ऑफिसला गेलास की मी आणि ती, आणि भाषा येत नाही." विषय संपला. तो तोक्योला गेला.

त्यातल्या 'दो-निची-शुकु'कडे माझं आधी लक्षच नव्हतं. दो म्हणजे शनिवार, निची म्हणजे रविवार, शुकु म्हणजे राष्ट्रीय सुट्ट्या. हे वेगळं का लिहायचं? कारण कान्झेन म्हटलं तरी दोन दिवस कुठले ते त्यात येत नाही. मंगळवार-बुधवारही चालतात.

आणि इथे मला आमचे बाबा आठवले. बाबा भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते. तिथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेचा भार वाटला जावा म्हणून कारखान्यांची सुट्टी अशी वेगळ्या वारी असते. गुरुवारी मी शाळेत, रविवारी बाबा कामावर. बाबांची एकही सुट्टी कधी बुडाली नाही. वर्षाला ५२, अगदी नियमित, कान्झेन म्हणा हवं तर. पण आमच्या घरात सगळ्यांची मिळून सुट्टी म्हणजे गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातले चार-पाच गुरुवार. त्या गुरुवारी आम्ही स्कूटरवरून आळंदीला जायचो. मला लहानपणी वाटायचं आळंदीला फक्त उन्हाळ्यातच जातात.

गंमत म्हणजे हेच जपानमध्येही झालं. मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर विजेची टंचाई होती, म्हणून त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर जपानच्या मोटार कंपन्यांनी शनिवार-रविवार काम केलं आणि सुट्टी घेतली गुरुवार-शुक्रवारी. सुट्ट्यांची संख्या तीच. पण रविवारी पाळणाघरं बंद, मग मुलांना ठेवायचं कुठे? दोन वजा दोन अधिक दोन म्हणजे दोनच, हे गणित कागदावर बरोबर आणि घरात चूक.

म्हणजे सुट्टी ही एकट्याची नसतेच. ती किती आहे, यापेक्षा तिच्यावर दुसऱ्याला विसंबता येतं का, हे महत्त्वाचं. बायकोला, मुलांना, आईवडिलांना, झालंच तर ट्रेकच्या ग्रुपला. 'बघतो, जमलं तर येतो' या वाक्यावर कुणाचाही वीकांत उभा राहत नाही.

आता आमच्या हापिसाबद्दल. शनिवारी काम केलं की आम्हाला कॉम्प-ऑफ मिळतो. मिळतो म्हणजे सिस्टममध्ये दिसतो. गेल्या वर्षी माझे ११ जमले, ४ वापरले, बाकीचे ३१ मार्चला देवाघरी गेले. मात्र आपण ज्याला सरसकट कॉम्प-ऑफ म्हणतो त्याला जपानीत दोन शब्द आहेत. सुट्टीच्या दिवशी काम पडणार हे आधी ठरवून, बदलीचा दिवसही आधीच नक्की केला, तर ते 'फुरिकाए'. आधी राबवून घेतलं आणि मागाहून एक दिवस दिला, तर ते 'दाईक्यू'. कायद्यालाही हा फरक कळतो. फुरिकाएमध्ये तो दिवस साधा कामाचा दिवस होतो. दाईक्यूमध्ये मात्र कायद्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केलं असेल, तर बदली सुट्टी देऊनही किमान ३५ टक्के जादा मोबदला द्यावाच लागतो. दुसऱ्याचा ठरलेला दिवस ऐनवेळी मोडला, त्याची किंमत!

मी आमच्या मॅनेजरला एवढंच म्हणालो की रजा वाढवून नको, पैसेही नकोत. शनिवारी यायचं असेल तर बुधवारपर्यंत सांगा आणि बदलीचा दिवस त्याच मेलमध्ये लिहा. साहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं, "क्लायंटला विचारावं लागेल." क्लायंट ओसाकाचा. त्यांचं उत्तर दोन तासांत आलं, काही हरकत नाही, आमच्याकडे असंच असतं.

त्यानंतर तीन शनिवार काम पडलं. दोनदा मेल बुधवारी आली. तिसऱ्यांदा शुक्रवारी रात्री सर्व्हर कोसळला, तिथे बुधवार कुठून आणणार? तो दाईक्यू. पण आधीच्या दोन्ही बदल्या मी गुरुवारी मागून घेतल्या. बाबा आता निवृत्त आहेत, त्यांना सगळे वार सारखेच. आम्ही दोघं आळंदीला जाऊन आलो, भर पावसाळ्यात. बाबा गाडीत मागे बसून रस्ता किती रुंद झालाय ते सांगत होते.

असो. रविवारची रात्र आहे, साडेअकरा वाजलेत, आणि उद्या सकाळी नऊला स्टँड-अप आहे. जपानीत 'शुभ रात्री'ला वेगळं काही म्हणत नाहीत, त्याच झाडाखालच्या माणसाचं क्रियापद वापरतात. अर्थ एवढाच, की आता विश्रांती घ्या.

ओयासुमी नासाई, मंडळी.