निसण्याची निवड

सरकारी खजिन्यातील नोकरी संपल्यावर सकाळची घाई संपली, आणि ज्या दाढीला तोपर्यंत घड्याळाकडे पाहत उरकण्याचे कर्म एवढाच दर्जा होता तिला मी हौसेचा दर्जा दिला. वडिलांच्या पेटीत झोलिंगेनची मुद्रा असलेला एक जर्मन वस्तरा कित्येक वर्षे तेलाच्या फडक्यात गुंडाळून पडला होता. एका जाणत्या कारागिराकडून त्याला नव्याने धार लावून घेतली आणि तो नित्याच्या वापरात आला. पहिले काही महिने चामड्याच्या पट्ट्यावरच भागले. पुढे मात्र हनुवटीखालचे केस कापले जाण्याऐवजी ओढले जाऊ लागले, पट्टा कितीही चालविला तरी फरक पडेना, आणि निसणा घेण्याचा प्रश्न माझ्यापुढे रीतसर दाखल झाला.

पट्टा आणि निसणा यांचे अखत्यार निराळे आहेत. दाढी करताना वस्तऱ्याची अतिसूक्ष्म कड एका अंगास कलते. पाठ पुढे करून पाते चामड्यावरून नेले की ती पुन्हा सरळ उभी राहते, आणि बहुतेक तक्रारींचा निकाल तेथेच लागतो. परंतु कड झिजून गोल झाली असेल तर चामड्याचा इलाज चालत नाही. तेथे थोडे पोलाद काढूनच टाकावे लागते, आणि त्यासाठी धार पुढे करून पाते दगडावरून न्यावे लागते. कोन साधण्याची चिंता मात्र यात नाही. पाते दोन्ही अंगांनी पोखरलेले असल्यामुळे ते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार एवढ्या दोनच रेषा टेकतात, आणि कोन पाठीच्या जाडीने आपोआप ठरतो. म्हणून हाताच्या कसबापेक्षा दगडाच्या पृष्ठाचा सपाटपणा आणि त्याच्या कणांची जात या दोन गोष्टींवरच सारा मामला येऊन ठेपतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी हेलपाटे घालू लागलो ते ही खातरजमा करण्यासाठी. रोगसंसर्गाच्या भयाने केशकर्तनालयांतून बदलत्या पात्यांचे वस्तरे आले, तेव्हापासून न्हाव्यांच्या धोकट्यांतले निसणे येथे पथारीवर गंजक्या किल्ल्या आणि पितळी नळ यांच्या शेजारी येऊन पडले आहेत. बरेचसे मध्यभागी इतके खोलगट झालेले, की पाते आडवे धरले असता खालून उजेड दिसावा. विक्रेत्याने सर्वांत उत्साहाने पुढे केला तो दुहेरी कार्बोरंडमचा जाडजूड काळा दगड. हा पदार्थ, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिद्ध केला आणि 1893 साली त्याचे पेटंट मिळविले. काठिण्यात तो कुरुंदाच्याही वर आहे. मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सलची स्थापना 1954 साली झाली, आणि असल्या दगडांची आपल्या कारखान्यांना सवय होऊन गेली. रंध्याचे पाते किंवा विळी यांना तो उत्तम. पण केवळ मळलेली धार उजळायची असता तो वापरणे म्हणजे हरळी काढण्यासाठी शेतात नांगर घालणे. पोलाद तर तो खातोच, शिवाय जाता जाता असे ओरखडे ठेवतो की ते पुसण्यासाठी आणखी दोन दगड घ्यावे लागावेत.

दुसरा दगड हाती लागला तो तळहातात मावेल एवढा, गुळगुळीत, अंगावर तीन ओळींमध्ये अक्षरे कोरलेला. हा मारिबोरचा स्वाटी. न्हाव्यांसाठीच केलेला कृत्रिम निसणा. तो घेऊन मी आमच्या पेठेतील एका वृद्ध नाभिकांकडे गेलो. त्यांनी तो उजेडाकडे तिरपा धरून पाहिला, अंगठ्याने कडा चाचपल्या, त्यावर ब्रशाने साबणाचा फेस पसरला आणि वस्तरा अलगद दोन-चार वेळा फिरवून मान डोलावली. "दगड अस्सल आहे, साहेब. आम्ही जन्मभर हाच वापरला. पण आमचं गिऱ्हाईक गालाला फेस लावून बसलेलं असायचं. चार हात मारले की वस्तरा परत कामाला. एक-दोन हात जास्त झाले तर धार कागदासारखी पातळ होऊन मोडायची. तुमच्यामागं कोण लागलंय? घाई नाही तर घाईचा दगड कशाला?"

या प्रश्नाने माझ्या शोधाची दिशा पालटली. तोवर मी दगडाचे गुण त्याच्या कापण्याच्या शक्तीवरून जोखीत होतो. आता किती थोडे कापतो, ही कसोटी झाली. त्याच सुमारास बेल्जियमच्या लिएज शहरी राहणारा माझा भाचा सुट्टीवर येणार होता. त्याला मी आर्देनच्या डोंगरांतला, व्हिएलसाल्मच्या परिसरात निघणारा कोटिक्युल आणण्यास सांगितले. फिकट पिवळा, मातट साईच्या रंगाचा हा दगड पातळ थरांत सापडतो, म्हणून पुष्कळदा त्याखाली काळसर पाटीदगड चिकटविलेला असतो. त्यातले कापणारे द्रव्य म्हणजे गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक. ते पोलादाहून किंचित कठीण, परंतु आकाराने बहुफलकी, जवळजवळ गोलसर; त्यामुळे पोलादात खोल रुतत नाहीत, वरवर घासून जातात. छोट्या दगडाने त्याचे पृष्ठ चोळून दुधट रबडी काढली तर तो झपाट्याने कापतो. नुसते पाणी ठेवले तर इतका मंद होतो की काम चालले आहे की नाही, अशी शंका यावी.

मी त्याची परीक्षा नुसत्या पाण्यावर केली. आधी दगडावर शिसपेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा काढल्या, जाड काचेवर ठेवलेल्या काचकागदावर तो घासला, आणि सर्व रेघा एकदम नाहीशा झाल्यावर तो सपाट असल्याचा दाखला मिळाला. मग पाण्याचा पातळ थर, आणि त्यावर वस्तरा, हाताचे वजन न देता, टाचेकडून टोकाकडे तिरका सरकत. प्रत्येक फेरीअखेर पाते पाठीवरून उलटायचे, धारेवरून कदापि नाही. धारेपुढे पाण्याची बारीक लाट सर्वत्र सारखी ढकलली जाऊ लागली, म्हणजे धार सबंध लांबीत टेकत आहे, हे कळले. पाणी मात्र स्वच्छच राहिले. कार्बोरंडमवर जो काळा गाळ क्षणात दिसतो त्याचा येथे मागमूस नव्हता. नंतर पट्टा, आणि मग डोक्यावरचा एक केस चिमटीत लोंबता धरून धारेस लावला. तो किंचित अडला आणि तुटला. दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली केस ओढले गेले नाहीत.

स्वाटी मी त्या वृद्ध नाभिकांनाच देऊन टाकला, कारण त्याच्या वेगाची किंमत त्यांनाच ठाऊक आहे. ज्याच्या खुर्चीवर माणूस बसला आहे त्याने तसला दगड ठेवावा. ज्याच्या वस्तऱ्याला खाचा पडल्या आहेत त्याने जाणत्या कारागिराकडे जावे. आणि ज्याला केवळ बसलेली धार उठवायची आहे त्याने बाजारातला सर्वांत मंद निसणा निवडावा व त्याच्याही आधी पट्टा नीट चालवून पाहावा. वस्तऱ्यातील पोलाद हे वारशाने आलेले भांडवल आहे. प्रत्येक निसणा त्यातून काही ना काही खर्ची घालतोच, आणि खजिन्यात नोकरी केलेल्या माणसाने कमीत कमी खर्च दाखविणाऱ्यालाच पसंती द्यावी, हे उघड आहे.