दसरा चौक ते सागरमाळ

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ पाहायचं, तर निघावं दसरा चौकातून. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा, आसपास मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग. १९०१ पासून महाराजांच्या पाठबळावर अशी वसतिगृहं उभी राहत गेली. राहण्याजेवणाची सोय झाल्याशिवाय खेड्यातलं पोर शिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. याच जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र गावोगाव नेला.

राजारामपुरी ओलांडून सायबर चौक गाठला की विद्यापीठ आलंच. कोल्हापुरात १८८० पासून राजाराम कॉलेज होतं. पण पदवी आधी मुंबईची, मग पुण्याची. ती परवड १८ नोव्हेंबर १९६२ रोजी संपली. चीनशी युद्ध सुरू असताना राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्‌घाटन झालं. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. त्याच सुमारास आफ्रिकेतले नवस्वतंत्र देशही आपापली विद्यापीठं उभारत होते. नायजेरियानं स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९६० साली, न्सुक्का इथं विद्यापीठ सुरू केलं. शिकलेली माणसं आपल्याच मातीत घडावीत, हीच ओढ दोन्हीकडे होती.

आत शिरताच मुख्य इमारतीसमोर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. बी. आर. खेडकरांनी घडवलेला. त्याच्यापुढे क्षणभर थांबावं आणि मग ८५३ एकरांच्या परिसरात पायी फिरावं. विद्यापीठ ज्यावर उभं आहे, त्या एकेकाळच्या उघड्या सागरमाळावर आज गर्द झाडी आहे, पावसाचं पाणी अडवून भरलेली तळी आहेत. वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय आहे. पण मला सर्वांत मोलाचं वाटलं ते आप्पासाहेब पवारांच्या नावाचं विद्यार्थी भवन. गरीब घरची मुलं इथं ‘कमवा आणि शिका’ योजनेत राहतात. विद्यापीठात काम करून शिक्षणाचा खर्च भागवतात. दसरा चौकातल्या बोर्डिंगांचा वारसा इथं रोजच्या कामात उतरलेला दिसतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी शेतकरी घरांत पहिली पदवी आली ती याच विद्यापीठाची. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा झाला, की पाहुणे पन्हाळ्याची वाट धरतात. त्यांना एवढंच सांगणं: एक सकाळ सागरमाळासाठी ठेवा, आणि येताना शाळकरी मुलांना सोबत आणा.