नादाचा नाद

माणसाला कोणत्या वयात कसला नाद लागेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी गुलाबाची कलमे बांधतो. ज्याचा जन्म अर्ज आणि जबान्या यांत जायचा, अशा माझ्यासारख्या वकिलाने चाळिशी उलटल्यावर हाती सोल्डरची तापलेली सळई घ्यावी आणि घरच्या घरी ध्वनिवर्धक बांधावा, हे आमच्या बाररूममध्ये अद्याप कोणास रुचलेले नाही. “बाजारात तयार मिळतो की!” असे म्हणतात. मिळतो खरा. तयार मोदकही मिळतात; म्हणून चतुर्थीला घरी उकड काढणे कोणी सोडलेले नाही.

या नादाला निमित्त झाले ते दोन जुन्या कॅसेटींचे. 1989 सालच्या श्रावणात आमच्या देवळातले सोमवारचे भजन कोणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. त्यात पखवाजाला माझे वडील आहेत. वडील गेले, कॅसेटी राहिल्या. घरातल्या स्वस्त यंत्रावर त्या लावल्या की आवाज मोठा होई, पण पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजे. मोठा आवाज आणि खरा आवाज या दोन भिन्न वस्तू आहेत, हे तेव्हा उमगले.

इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणजे एका पेटीत नांदणारी दोन बिऱ्हाडे. पहिले बिऱ्हाड आलेला नाजूक संकेत स्वीकारते, त्याची निवड करते, तो किती पुढे सोडायचा ते ठरवते. दुसरे त्याला स्पीकरचा पडदा हलवण्याइतके बळ देते. माझ्या पेटीत पहिल्या कामाला एनई 5532 आणि दुसऱ्याला प्रत्येक बाजूस एक एलएम 3886 ही चकती आहे. 18-0-18 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे डायोडांचा पूल आणि दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. एवढ्यावर दोन्ही बाजूंना चोवीस व्होल्टच्या आसपास दाब मिळतो.

खरी कसोटी जोडणीची. तारांचे परतीचे मार्ग वाटेल तसे जोडले, तर वीजपुरवठ्याची 50 हर्ट्‌झची गुणगुण भजनात शिरते. म्हणून परतीच्या साऱ्या तारा एकाच बिंदूवर आणाव्या लागतात. लोखंडी पेटीला भूमीची तार मात्र स्वतंत्र आणि पक्की हवी. तिथे जिवाशी गाठ असते.

पण मला सर्वांत मोह पडला तो ऋण प्रतिपोषाच्या तत्त्वाचा. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा दाराशी आणायचा आणि मूळ संकेताशी ताडून पाहायचा; यंत्राने पदरचे जे घातले असेल ते तिथेच कापले जाते. वर्धन घटते, शुद्धता वाढते. अमेरिकेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही कल्पना ऑगस्ट 1927 मध्ये बोटीने कामावर जाताना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती उतरवली. 1928 साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळाले 1937 साली! खटले लांबतात म्हणून आम्हा वकिलांनाच बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. निंदकाला शेजार द्यावा, असे आमचे संत सांगून गेले. त्या यंत्राने तर निंदकाला घरातच बिऱ्हाड दिले आहे.

पेटी पुरी झाल्यावर त्या कॅसेटी लावल्या. टेपची खरखर होतीच. ती कोणताही ध्वनिवर्धक पुसणार नाही. पण पखवाजाच्या डाव्या अंगाचा, कणकेने भारलेला खोल घुमारा प्रथमच ऐकू आला. सम येण्याआधी वडील किंचित थांबत, ती जागाही ऐकू आली. आई दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, “कणीक ओली आहे.”

तेव्हापासून देवळातल्या कर्ण्याखालून जाताना मन थोडे खट्टू होते. वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ तीन डेसिबलने चढतो. कानाला तो दुप्पट भासावा यासाठी दसपट शक्ती लागते. उत्सवात आपण हा खर्च हौसेने करतो, आणि गाणाऱ्याचा शब्द मात्र त्यात फाटून जातो. देव काही बहिरा नाही. पुढील सप्ताहाच्या बैठकीत एक कर्णा कमी करावा आणि उरलेल्यांचा आवाज स्वच्छ करावा, अशी सूचना मी मांडणार आहे. विरोध होईल, हे ठाऊक आहे. पण विरोधाने शुद्धता वाढते, हे मी आता स्वतःच्या हातांनी जोडून पाहिले आहे.