आनी एर्नो आणि आमच्या वडिलांचे दुकान

एम. ए.च्या वर्गासाठी आनी एर्नो यांच्या ‘ला प्लास’ या पुस्तकातील काही पाने मराठीत आणावीत, असे आमच्या मनाने घेतले त्याला आता चौदा महिने झाले. पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचे, वाक्ये लहान, शब्द साधे. फ्रेंच आम्हांस येत नाही. इंग्रजी अनुवादावरून काम करायचे आणि शंका आली की फ्रेंच जाणणाऱ्या एका स्नेह्यांना विचारायचे, असा बेत होता. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकेल असे वाटले होते. प्रत्यक्षात वीस-पंचवीस पानांच्या पुढे आमची गाडी गेलेली नाही. ती जिथे अडली ती जागा साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दाखवावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

एर्नो यांचा जन्म १ सप्टेंबर १९४० रोजी नॉर्मंडीतील लिलबोन येथे झाला. बालपण गेले इव्हतो या लहानशा गावात. वडील बारा वर्षांचे असताना शाळा सोडून शेतावर कामाला लागले, पुढे कारखान्यात कामगार झाले आणि नंतर पतिपत्नींनी मिळून किराणा दुकान व त्याला जोडून कॅफे चालवला. मुलगी मात्र खासगी कॅथलिक शाळेत शिकली, रुआँच्या विद्यापीठात साहित्य शिकली, शिक्षिका झाली, मध्यमवर्गीय घरात लग्न करून गेली. शिक्षकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी, १९६७ साली, वडील वारले. ‘ला प्लास’ सुरू होते ते नेमके या दोन घटनांपासून. एकीकडे परीक्षकांसमोर बाल्झाकवर दिलेला पाठ आणि दुसरीकडे घरात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, वडिलांचे प्रेत. मधे काही जोडलेले नाही.

एर्नो यांनी लेखनाला आरंभ केला तो कादंबरीकार म्हणून. १९७४ साली ‘ले झार्मवार व्हीद’ म्हणजे ‘रिकामी कपाटे’ प्रसिद्ध झाली. तिची नायिका दनीझ लसूर ही दुकानदाराची मुलगी आहे आणि ती आईवडिलांवर, शाळेवर, स्वतःवर संतापाने तुटून पडते. आणखी दोन कादंबऱ्या १९७७ आणि १९८१ साली आल्या. वडिलांवरही त्यांनी कादंबरीच लिहावयास घेतली होती. पण अर्ध्या वाटेवर त्यांना त्या लेखनाची किळस आली आणि त्यांनी ती टाकून दिली. १९८३ साली जे पुस्तक लिहून झाले त्यात कल्पित पात्र नाही, कथानक नाही, हृदयद्रावक असे काही नाही. त्याला १९८४ चे रनोदो पारितोषिक मिळाले. त्यानंतर एर्नो कादंबरीकडे फिरकल्या नाहीत.

किळस का आली असावी, याचा खुलासा त्याच पुस्तकात सापडतो. नॉर्मंडीची बोली वडिलांच्या तोंडी होती आणि त्यांना ती मागासलेपणाची खूण वाटे. अशा बोलीत सौंदर्य शोधणारे लोक असतात, हे एर्नो यांना ठाऊक आहे. त्या प्रूस्तचेच उदाहरण देतात. फ्रान्स्वाझचे अशुद्ध आणि जुने शब्द प्रूस्तला मोहक वाटू शकले, कारण ती त्याच्या घरची मोलकरीण होती, आई नव्हती. एका महान कादंबरीकाराविषयी इतक्या थोड्या शब्दांत इतके कडू सत्य कोणी सांगितलेले आमच्या तरी वाचनात नाही.

आमचे वडील अकोल्याच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवीत. घरात वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’. पण हेडमास्तर किंवा तहसील कचेरीतले कोणी दुकानाची पायरी चढले की बाबांच्या ‘मले’चे ‘मला’ होई. ‘पानी’ हे अशुद्ध आणि ‘पाणी’ हे शुद्ध, एवढे त्यांच्या कानाने टिपले होते. तोच नियम ते सगळीकडे लावीत आणि आपल्या दुकानाला ‘दुकाण’ म्हणत. आठवीत असताना, वर्गातली दोन मुले समोर उभी असताना, आम्ही त्यांना म्हणालो, “बाबा, दुकाण नाही, दुकान.” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुडा बांधला, दोरा दातांनी तोडला. त्यानंतर शाळेतले कोणी आले की ते मान हलवून, बोटांनी खूण करून व्यवहार करू लागले. हे कितीतरी वर्षे चालले.

‘ला प्लास’मध्ये हाच प्रसंग आहे. शाळेत बाई भाषा सुधारतात, म्हणून मुलगी घरी येऊन बापाची भाषा सुधारू लागते. तुम्ही म्हणता ते शब्द मुळात अस्तित्वातच नाहीत, असे त्याला सांगते. बाप भयंकर संतापतो. घरातली कटुता पैशापेक्षाही भाषेवरून अधिक होती, असे एर्नो नोंदवतात. आमच्या घरी संताप झाला नाही, एवढाच फरक. संताप झाला असता तर बरे, असे आम्हांस पुष्कळदा वाटलेले आहे.

आमचे भाषांतर अडले ते इथेच. एर्नो यांच्या वडिलांनी मराठीत कसे बोलावे? ‘मले’, ‘तुले’ म्हटले की वर्गात हशा होतो. वऱ्हाडी विद्यार्थीसुद्धा हसतात. ग्रामीण कथाकथनाने आपल्या कानांना ती सवय लावून ठेवली आहे, आणि त्या कथाकथनावर मनापासून हसलेल्यांत आम्हीही आहोत. बोली ऐकली की विनोद येणार म्हणून आपण आधीच ओठ सैल करून बसतो. म्हणजे प्रूस्तच्या घरची मोलकरीण मागल्या दाराने पुन्हा आत आली. बरे, प्रमाण मराठीत बोलवावे, तर त्या माणसाने जन्मभर ज्या लाजेशी झुंज दिली ती लाजच पुसली जाते. बाप लेकीच्या भाषेत अस्खलित बोलू लागला, तर भांडण कशाचे?

एर्नो यांनी स्वतःपुरती काढलेली वाट अशी. वडिलांना त्या फारसे बोलतेच करीत नाहीत. त्यांचे शब्द, त्यांच्या गावातले वाक्प्रचार त्या आपल्या वाक्यात घेतात आणि तिरप्या टायपात छापतात. वाचकाला डोळा मारण्यासाठी नव्हे, तर ते शब्द त्या माणसाच्या जगाची हद्द दाखवतात म्हणून. (आमच्याकडे देवनागरी तिरपी छापली की अक्षरे पडायला आल्यासारखी दिसतात, ही अडचण निराळीच.) बाकीचे निवेदन सपाट. घरी आईवडिलांना आवश्यक तेवढ्या बातम्या कळवताना ज्या भाषेत त्या पत्रे लिहीत, तीच ही भाषा, असे त्या सांगतात. चुकून पहिल्या वर्गाच्या डब्यात चढलेल्या बापाला तपासनीस वरचे पैसे भरायला लावतो, ही गोष्ट त्या दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे जातात. बाप आणि मुलगी एकदा नगर ग्रंथालयात जातात आणि कोणते पुस्तक हवे असे विचारल्यावर दोघेही गप्प राहतात, कारण ते आधी ठरवून यायचे असते हेच त्यांना माहीत नसते. ग्रंथालयाचा माणूसच पुस्तके निवडून देतो, तिच्यासाठी मेरिमेचे, बापासाठी मोपासाँचे. आम्ही शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांना ‘काय वाचलेत?’ असे सहज विचारतो, तेव्हा हे पान आठवून थोडे अवघडायला हवे.

पुस्तकाच्या नावाचेही भाषांतर सोपे नाही. ‘प्लास’ म्हणजे जागा. पण बसायची जागा, समाजातली जागा, ‘जागा दाखवून देणे’ यातली जागा, हे सारे त्यात आहे. ‘पायरी’ हा शब्द आम्हांस अधिक जवळचा वाटला होता. नंतर तो सोडला, कारण आपल्याकडे ‘पायरी’ म्हटले की जात येते आणि एर्नो वर्गाविषयी बोलत आहेत. मराठी वाचकाला या ठिकाणी दया पवारांचे ‘बलुतं’ आठवणारच. ते १९७८ चे, म्हणजे ‘ला प्लास’च्या पाच वर्षे आधीचे. तिथे दगडू मारुती पवार आणि शिकलेला दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. तथापि अस्पृश्यता आणि नॉर्मंडीतल्या दुकानदाराची लाज एका मापाने मोजण्याचा उतावळेपणा कोणी करू नये. साम्य आहे ते इतकेच, की शिकलेला माणूस न शिकलेल्याविषयी लिहू लागतो तेव्हा लेखणी शिकलेल्याच्या बाजूची असते.

एर्नो त्याच त्या घटनांकडे पुन्हा पुन्हा परतल्या. १९६४ च्या जानेवारीत, गर्भपात हा फ्रान्समध्ये गुन्हा असताना, त्यांनी चोरून गर्भपात करून घेतला. १९७४ च्या कादंबरीत तो दनीझ लसूरच्या वाट्याला दिला होता. २००० साली ‘लेव्हेनमाँ’मध्ये तो स्वतःच्या नावावर घेतला. त्यावरील ऑद्रे दिवाँ यांच्या चित्रपटाला २०२१ साली व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला. १९५२ च्या जूनमधील एका रविवारी वडिलांनी आईला ठार मारण्याचा प्रयत्न केला होता. वडिलांवरच्या पुस्तकात न आलेली ही घटना लिहायला १९९७ साल उजाडले.

२००८ च्या ‘ले झाने’मध्ये तर त्यांनी ‘मी’ हाच शब्द टाकला. तिथे ‘ती’ आहे आणि ‘ऑन’ हे फ्रेंच सर्वनाम आहे. इंग्रजीत त्याचे ‘वी’ होते आणि त्यात वाचक आत आहे की बाहेर हे कळत नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द हाताशी असल्याने निवड करावीच लागते. हे लिहिताना आमच्या ध्यानात आले, की आम्ही या लेखात ‘आम्ही’ म्हणतो ते जुन्या निबंधकारांच्या ऐटीत. आणि ‘आमचे बाबा’ म्हणतो ते मात्र घरच्या बोलण्यातले. शब्द एकच, पण दोन निरनिराळ्या घरांतून आलेला.

२०२२ साली एर्नो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या फ्रेंच स्त्री. बाविसाव्या वर्षी रोजनिशीत त्यांनी आपल्या लोकांचा सूड घेण्यासाठी लिहिण्याचा संकल्प नोंदवला होता. स्वीकाराच्या भाषणात त्यांनी त्याची आठवण सांगितली. ते भाषण वाचले त्या रात्री आम्ही वसतिगृहाच्या काळातली बाबांची पोस्टकार्डे काढून बसलो. जमाखर्चाच्या वहीत असे तसेच सरळ अक्षर. एका कार्डावर तीनच ओळी आहेत. पत्र मिळाले. पैसे पाठवले आहे. जेवत जा.

‘आहे’ नव्हे, ‘आहेत’. उत्तरपत्रिका तपासणारा आमचा हात त्या शब्दापाशी क्षणभर थांबला, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर आम्ही जुना खर्डा बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी निवेदन त्या कार्डाच्या लयीत लिहून पाहत आहोत. वडिलांना वऱ्हाडी दिलेली नाही. त्यांचे मोजके शब्द अवतरणचिन्हांत घेतले आहेत आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी ‘आहेत’च्या जागी ‘आहे’ राहू दिले आहे. स्नेह्यांनी हस्तलिखित वाचून तिथे पेन्सिलीने खूण केली. ती खूण आम्ही अजून खोडलेली नाही. पुस्तकाच्या शेवटी एका दुकानाच्या गल्ल्यावर एर्नो यांना त्यांची जुनी विद्यार्थिनी भेटते. पुढचे शिक्षण जमले नाही, असे ती सांगते. तो उतारा येत्या सत्रात वर्गात वाचायचा आहे. त्याआधी भाषा सुधारण्याच्या प्रसंगाचे एक पान व्हायला हवे. ते अजून कोरे आहे.