हरलेली बोली

आमच्या गावच्या जत्रेत देवापुढच्या नारळाचा लिलाव व्हायचा. पुकारणारा 'एक वार, दोन वार' म्हणून थांबायचा आणि गर्दीवरून नजर फिरवायचा. कुणाचा हात अर्धवट वर आलेला दिसला, की 'तीन वार' त्याच्या ओठांवरच राहायचं. एका वाचनालयाच्या मदतीसाठी चित्रांचा ऑनलाइन लिलाव उभारायला घेतला, तेव्हा ती नजर कोडमध्ये कशी उतरवायची, हा प्रश्न मला छळत राहिला.

पहिली चूक चाचणीतच उघडी पडली. प्रत्येक चित्रासमोर मी 'सर्वोच्च बोली' असा एकच रकाना ठेवला होता. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांसाठीही सर्व्हरने जुनाच आकडा वाचला, 11,500. आधी 12,500 लिहिले गेले आणि लगेच त्यावर 12,000. मोठी बोली पुसली गेली. मग मी व्यवहार पुरा होईपर्यंत त्या चित्राची नोंद कुलूपबंद ठेवायला लागलो, आणि कुठलीही बोली पुसायची नाही, खाली नवी ओळ लिहायची, असा नियम केला.

दुसरा धडा वेळेचा. ठरल्या सेकंदाला लिलाव संपला, की शेवटच्या क्षणी झडप घालणारा जिंकतो आणि बाकीचे हात अर्धवट वर राहतात. म्हणून घड्याळ फक्त सर्व्हरचं मानलं आणि शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली, तर मुदत आणखी दोन मिनिटं वाढवली. पुकारणाऱ्याचं थांबणं ते हेच.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट बोलींची ही नोंदवही वाचताना कळली. एका चित्रावर 8,000ची बोली होती. एकाने 20,000पर्यंतची मर्यादा देऊन ठेवली, दुसऱ्याने 15,000पर्यंतची. दिलेल्या मर्यादेपर्यंत सर्व्हरच त्यांच्या वतीने बोली वाढवत नेतो. वाढ 500ची, म्हणून चित्र 15,500ला गेलं. दुसरा आलाच नसता, तर ते 8,500ला सुटलं असतं. वाचनालयाचे 7,000 रुपये वाढले ते हरलेल्या माणसामुळे, आणि त्याला माझा कोरडा निरोप गेला होता : 'तुमची बोली अयशस्वी ठरली.'

तो निरोप मी त्याच रात्री बदलला. आता तिथे लिहिलेलं असतं, 'चित्र दुसऱ्याकडे गेलं. तुमच्या बोलीमुळे वाचनालयाला 7,000 रुपये जास्त मिळाले. आभार.' आकडा दर वेळी त्या नोंदवहीतूनच येतो. एकही बोली पुसली नाही, म्हणूनच तो मोजता येतो.