डिस्चार्ज मिळाला, पण माणूस उठला का?

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्हा वस्तीतल्या कार्यकर्त्यांना दोनच शब्द ठाऊक होते, बेड आणि ऑक्सिजन. रात्री दोनला फोन यायचा, आम्ही वॉर रूमला फोन लावायचो, ओळखीपाळखी काढायचो. पेशंट घरी आला की हार, टाळ्या, एक फोटो आणि खाली ओळ, 'कोरोनावर मात'. आमच्या वहीतलं नाव खोडलं जायचं.

काकांचं नावही असंच खोडलं. चेंबूरच्या आमच्या वस्तीतले काका कचऱ्याच्या गाडीवरचे कंत्राटी कामगार. 19 दिवस हॉस्पिटलात, त्यातले 9 आयसीयूत. घरी आल्यावर चौथ्या दिवशी काकू आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळांनो, ह्यांना संडासात बसल्यावर उठता येत नाही."

संडास सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला. तिथवर जाताना काका तीनदा टेकायचे. आत उकिडवं बसले की मांड्या साथ देत नसत. मुलगा दाराबाहेर थांबून हात द्यायचा. काकांना धापेपेक्षा ही लाज जास्त खात होती. त्यांनी जेवण कमी केलं. का, तर संडासला जावं लागू नये म्हणून! आणि आम्ही फोटोखालच्या लाइक मोजत होतो.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या, विश्रांती आणि शेवटी दोन शब्द, 'चेस्ट फिजिओथेरपी'. कुठे, कोण करणार, पैसे कोण देणार? काही नाही. खासगीत एका वेळेची फी काकांच्या दिवसाच्या मजुरीएवढी, आणि मजुरी तर बंदच.

फिजिओथेरपी म्हणजे क्रिकेटवाल्यांची चैन, असं आम्हालाही वाटायचं. वस्तीतलीच एक ताई फिजिओथेरपीची इंटर्नशिप करत होती, तिने आमचे डोळे उघडले. आजाराने फुप्फुसं थकतातच. शिवाय इतके दिवस पडून राहिल्याने स्नायू झिजतात, स्टेरॉइडने आणखी कमजोर होतात. मुलाने तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र आणलं होतं (खरं तर ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, हेही तिनेच सांगितलं). "याने पाय उठणार नाहीत," ती म्हणाली.

डॉक्टरांना विचारून तिने उंच स्टुलावरून उठबस सुरू केली. बोटाला ऑक्सिमीटर. आकडा तीन-चारने खाली आला की थांबायचं. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. धाप लागली की पुढे वाकून, कोपरं मांडीवर टेकून बसायचं. छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला तर व्यायाम बंद, सरळ हॉस्पिटल. पुढे स्टुलाच्या जागी बुटकं स्टूल आलं, मग पाट, मग उकिडवं. एकदा काकांनी जोशात दुप्पट केलं आणि दोन दिवस अंथरुणात काढले. ताईने चांगलंच झापलं.

मित्रांनो, याच मुंबईत 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीनंतर केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. जीव वाचल्यावरही उपचार बाकी राहतो, हे या शहराला तेव्हाच कळलं होतं. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोविडनंतरची नियमावली काढली. योगासनं, प्राणायाम, चालणं, च्यवनप्राश. श्वासाच्या व्यायामाला आमचा विरोध नाही. पण माणसाच्या ताकदीचं माप घेऊन तो करवून घेणारा दवाखान्यात हवा की नको?

सरकारला विचारतो, तसं स्वतःलाही विचारायला हवं. आमच्या निवेदनांत बेड होते, लस होती, व्हेंटिलेटर होते. फिजिओथेरपिस्टचं पद एकदाही नव्हतं. आजारपणातल्या रजेचा पगारही नव्हता. बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना, 1944 मध्येच, अदारकरांच्या अहवालाने कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना मांडली होती. काकांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, कार्ड कधी हाती आलं नाही. ज्याचं शरीर हेच भांडवल, त्याला 'विश्रांती घ्या' म्हणणं किती सोपं!

आठव्या आठवड्यात काका न टेकता गल्लीच्या टोकाला गेले. मुलगा सवयीने दाराशी थांबला होता. आतून आवाज आला, "जा रे घरी." तोवर कंत्राटदाराने गाडीवर दुसरा माणूस घेतला होता. ते भांडण अजून चालू आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही जुनी वही उघडली आणि खोडलेल्या नावांना फोन लावायला बसलो. पहिल्या चौघांपैकी तिघांना जिना चढता येत नव्हता.