रंगाखालची गाडी

मोटारीचा रंग मोठा बोलका असतो. आणि बोलक्या माणसाप्रमाणे नेमके सांगायचे तेवढेच तो गाळतो. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या लोकांना तरी हे ठाऊक असावे. आजची टाटा मोटर्स 1966 साली टेल्को या नावाने पिंपरीत आली, 2009 साली फोक्सवॅगनने चाकणला कारखाना सुरू केला. पण मौज अशी की, ज्यांचे हात दिवसभर मोटारी जोडतात, तेसुद्धा जुनी गाडी घेताना आधी गाद्यांवरून हात फिरवतात!

माझा भाचा चाकणला पाळीवर असतो. मध्यरात्री मोशीमार्गे घरी यायचे, म्हणून त्याने साठवलेल्या पैशांत जुनी मोटार घ्यायचे ठरवले. मला म्हणाला, "मामा, तुम्ही वह्या तपासता तशी गाडी तपासा."

वही तपासताना मी कव्हर पाहत नाही. विक्रेता रंगाची तारीफ करीत होता तोवर मी टायरपाशी बसलो. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच निदान 1.6 मिलिमीटर खोल हवी. टायर एकाच कडेने झिजला असेल, तर चाकांची दिशा बिघडलेली असण्याचा संभव. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. खाच शाबूत असली तरी रबराचे वय लपत नाही. मग हँडब्रेक चढावर धरतो का, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग सैल आहे का, पट्टा झटक्यासरशी अडतो का, हे पाहिले. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले असले, तर थंडीत ते कसे कुरकुरते हे कळत नाही. शेवटी चासी क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी जुळवला.

भाच्याने ब्रेक दाबला आणि मी मागे उभा राहिलो. उजवा दिवा लागला नाही.

"एवढासा बल्ब, त्यात काय साहेब!" विक्रेता हसला.

वाचकहो, गोष्ट खरोखर एवढीशीच. फाटकी गादी मालकालाच टोचते. पण विझलेला ब्रेकदिवा मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला फसवतो, आणि गुळगुळीत टायर पुढच्या सायकलवाल्याच्या जिवावर उठतो. तपासणीतले बहुतेक दोष असे परक्या माणसाचे असतात. म्हणून तर विकणारा आणि घेणारा दोघेही त्यांच्याकडे पाहायला विसरतात. ज्या गाडीचा एवढासा दिवा कोणी पाहिला नाही, तिचे ब्रेक तरी कोणी उघडून पाहिले असतील?

आम्ही ती गाडी सोडली. पंधरवड्याने दुसरी मिळाली. तिचा रंग उडालेला, पण ब्रेक, टायर, दिवे चोख. नाव बदलण्याचे 29 आणि 30 क्रमांकाचे अर्ज सह्या करून ताबडतोब आरटीओत दिले; कारण नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे.

दारात गाडी आली तेव्हा ताईने नाक मुरडले. "दिवाळीला असला विटका रंग?"

मी म्हटले, "ताई, रात्री दोन वाजता मोशीच्या रस्त्यावर रंग कोणाला दिसतो? दिवा दिसतो."